डेटाबेसमध्ये कोणी थांबायचं, आणि कुठे

एका सहकारी बँकेचा डेटाबेस मी सांभाळत होतो तेव्हाची गोष्ट. तिमाही संपत आली होती. सोमवार, सकाळचे साडेअकरा. मुख्य कार्यालयातून कोणीतरी एनपीएची प्रक्रिया लावली. म्हणजे प्रत्येक कर्जखातं तपासायचं, ते थकीत झालंय का ते ठरवायचं, खात्यावर तशी नोंद करायची आणि शेवटी रिपोर्ट काढायचा. दहा मिनिटांत शाखांचे फोन सुरू झाले. "सर्व्हर हँग झालाय, पासबुकं निघत नाहीत, काउंटरला रांग लागलीय." सर्व्हर हँग झाला नव्हता. सगळं चालू होतं, पण सगळंच हळू. मी लिनक्समधून त्या प्रक्रियेचं सीपीयूवरचं प्राधान्य खाली आणलं. सीपीयू आधी काउंटरला मिळेल, उरेल तो एनपीएला, असा साधा हिशेब. पुढच्या पाच मिनिटांत, आधी जे हळू का होईना चालत होतं, तेही थांबलं.

असं का झालं हे नीट उमगायला मला बरेच दिवस लागले. डेटाबेसमधल्या कामांचे अग्रक्रम कसे लावायचे आणि मर्यादा कुठे घालायच्या, हा सगळा विषय त्या एका चुकीतून समजावता येतो, म्हणून सुरुवात तिथून केली.

डेटाबेसला कोणाची घाई किती हे माहीत नसतं. काउंटरवरून येणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, एका खात्याच्या दोन-चार ओळी उचलते आणि इंडेक्स (ओळ चटकन शोधून देणारी सूची) असेल तर काही मिलिसेकंदांत मोकळी होते. रिपोर्टची क्वेरी लाखो ओळी वाचते, त्यांची क्रमवारी लावते, बेरजा करते, तिला मिनिटं लागतात. डेटाबेसच्या लेखी दोन्ही क्वेरीच. तो आपणहून डावं-उजवं करत नाही. ऐकायला हे न्याय्य वाटतं, पण गर्दीच्या वेळी याचा फटका छोट्या कामालाच बसतो. वीस मिनिटांच्या रिपोर्टला बावीस मिनिटं लागली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पासबुकाच्या एका नोंदीला दोन मिनिटं लागली तर समोर उभं असलेलं माणूस ताटकळतं.

पिठाच्या गिरणीत ही अडचण रोज येते आणि रोज सुटते. लग्नघरची दोन पोती आणि कोणाचा तरी पाच किलोचा डबा एकाच वेळी आला, तर गिरणीवाला आधी डबा घेतो आणि पोती भिंतीला लावून ठेवतो. यातलं मर्म असं, की हा निर्णय धान्य चक्कीत ओतण्याआधी होतो. पोतं ओतून झाल्यावर चक्कीचा वेग कमी केला, तर पोतंही अडकतं आणि मागचा डबाही. मी त्या सोमवारी नेमकं हेच केलं होतं.

रांग अचानक का वाढते

काल बरं चालणारी यंत्रणा आज एका रिपोर्टने का कोलमडते, याचं उत्तर रांगांच्या गणितात आहे. एकच खिडकी, माणसं केव्हाही येणार, कोणाला कमी वेळ लागणार, कोणाला जास्त. अशा रांगेत खिडकी 50 टक्के वेळ व्यग्र असेल, तर रांगेसकट लागणारा सरासरी वेळ प्रत्यक्ष कामाच्या दुप्पट असतो. 80 टक्क्यांवर तो पाचपट होतो, 90 वर दहापट, 95 वर वीसपट. बऱ्याच कोअरच्या (एकेक काम चालवणाऱ्या सीपीयूच्या भागांच्या) सर्व्हरवर आकडे इतके कडक नसतात, पण चढ असाच असतो: बराच काळ जवळपास सपाट आणि मग एकदम उभा. म्हणून "सीपीयू 70 टक्केच आहे, अजून 30 शिल्लक आहे" हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. ते 30 टक्के म्हणजे काउंटरला वेळेवर उत्तर मिळावं यासाठी राखलेली मोकळी जागा असते.

मोठा सर्व्हर घेऊन प्रश्न सुटेल असं वाटतं. काही दिवस सुटतोही. पण मोठी क्वेरी मिळेल तेवढी जागा खाते. पोस्टग्रेस हा डेटाबेस एका क्वेरीच्या मदतीला आपणहून दोन जोडीदार प्रोसेस (स्वतंत्र चालणारी कामं) घेऊ शकतो, त्यामुळे एक रिपोर्ट म्हणजे तीन प्रोसेस. असे चार रिपोर्ट लागले की बारा प्रोसेस, आणि आठ कोअरचा सर्व्हर भरला. सोळा कोअरचा घेतलात तर रिपोर्ट लावणारे सहा होतील.

दारावरची मर्यादा

पोस्टग्रेसचंच उदाहरण पुढे नेतो, कारण एसक्यूएल सर्व्हर किंवा ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असते तशी अग्रक्रमाची तयार व्यवस्था त्यात नाही. जे आहे ते सुट्या भागांत आहे आणि आपल्याला जुळवावं लागतं. जुळवताना प्रत्येक भाग कशासाठी आहे ते कळतं.

पहिला भाग कनेक्शनचा, म्हणजे ॲप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यातल्या जोडणीचा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही ऑपरेटिंग सिस्टीमची स्वतंत्र प्रोसेस असते. जास्तीत जास्त किती, याचा मूळ आकडा 100, आणि त्यातली 3 सुपरयूझरसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या लॉगिनसाठी, राखीव. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हा आकडा 151 आहे आणि त्यावर एक जागा प्रशासकाला. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रशासकासाठी वेगळं कनेक्शनच आहे, ज्याला अग्रक्रमाचे कुठलेही नियम लागू होत नाहीत. तिघांनीही दुरुस्ती करणाऱ्यासाठी मागचं दार ठेवलंय. त्या राखीव जागा ॲप्लिकेशनला वापरू देऊ नका. ॲप्लिकेशनच सुपरयूझर म्हणून जोडलेलं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय, आणि तिथे अडचणीच्या वेळी आत शिरायलाच जागा राहत नाही.

"टू मेनी कनेक्शन्स" अशी चूक दिसली की 100 चे 1000 करायचा मोह होतो. आठ कोअर एका वेळी आठच प्रोसेस चालवतात. बाकीच्या 992 आत येऊन मेमरी धरतात, लॉक (आपलं होईपर्यंत दुसऱ्याने ती ओळ बदलू नये म्हणून घातलेलं कुलूप) धरतात आणि थांबतात. पोस्टग्रेसच्या विकीवर एक ढोबळ सूत्र आहे: कोअरच्या दुप्पट अधिक डिस्कची संख्या, इतकी सक्रिय कनेक्शन पुरेत. आठ कोअर, एक डिस्क, म्हणजे 17. हा आकडा सांगितला की समोरच्याचा विश्वास बसत नाही. पण काउंटरची क्वेरी पाच मिलिसेकंदांची असेल, तर एक कनेक्शन सेकंदाला दोनशे क्वेरी उरकतं.

बाकीच्यांना थांबवायचं ते डेटाबेसच्या बाहेर, पीजीबाउन्सरसारख्या पूलरमध्ये, म्हणजे मध्ये बसून मोजकी कनेक्शन सगळ्यांना आळीपाळीने देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. इथेच वाटे पाडता येतात. काउंटरसाठी एक पूल (कनेक्शनचा वाटा), रिपोर्टसाठी त्याच डेटाबेसला दुसरं नाव देऊन दुसरा पूल, आणि त्याचा आकार तीन. चौथा रिपोर्ट पूलरच्या रांगेत उभा राहतो. तिथे उभं राहताना त्याच्या हातात ना मेमरी असते, ना लॉक, ना प्रोसेस. पीजीबाउन्सर रांगेतल्याला मुळात 120 सेकंदच थांबू देतो आणि मग कनेक्शन तोडतो. रिपोर्टच्या पूलसाठी तो काळ वाढवा, नाहीतर "रिपोर्ट कधी चालतो, कधी नाही" अशा तक्रारी येत राहतील.

या सगळ्याआधी करायचं एक काम फार साधं आहे आणि तेच बहुतेक ठिकाणी झालेलं नसतं. काउंटर, रिपोर्ट आणि रात्रीची बॅच यांना वेगवेगळी लॉगिन द्या. एकाच लॉगिनने सगळं चालत असेल, तर कोण कोणाचं हे डेटाबेसलाही कळत नाही आणि तुम्हालाही.

मेमरीचा गुणाकार

सीपीयू कमी पडला तर काम हळू होतं. मेमरी संपली तर काम मरतं, म्हणून इथे जास्त जपावं लागतं.

पोस्टग्रेसमध्ये वर्क मेम नावाची सेटिंग आहे. तिचा मूळ आकडा 4 एमबी. क्रमवारी लावताना तेवढी मेमरी पुरली नाही, तर उरलेलं काम डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलीत जातं आणि मंदावतं. कोणीतरी हे वाचतं, सर्व्हरमध्ये 64 जीबी रॅम बघतं आणि वर्क मेम 256 एमबी करतं. गैरसमज असा असतो, की ही मर्यादा एका कनेक्शनची आहे. ती क्वेरीतल्या एकेका क्रियेची आहे. एका क्वेरीत चार ठिकाणी क्रमवारी असेल, तर चार वेळा 256, म्हणजे 1 जीबी. अशी शंभर कनेक्शन एकदम चालली तर 100 जीबी. हॅश करणाऱ्या (ओळी जुळवण्यासाठी मेमरीत तक्ता बांधणाऱ्या) क्रियांना आवृत्ती 15 पासून मुळातच दुप्पट मुभा आहे, आणि समांतर चालणारा प्रत्येक जोडीदार आपला वाटा वेगळा घेतो. सहा महिने काहीच होत नाही, कारण सगळे एकदम येत नाहीत. मग तिमाहीअखेर येते.

तेव्हा लिनक्स रॅम वाचवण्यासाठी एखादी प्रोसेस मारतो. ती एका रिपोर्टची जरी असली, तरी सामायिक मेमरी बिघडली असेल या शंकेने पोस्टग्रेस सगळीच कनेक्शन तोडतो आणि सावरण्याची प्रक्रिया करून नव्याने सुरू होतो. एका रिपोर्टच्या पायी सगळ्या शाखा बाहेर.

म्हणून सर्वांसाठी वर्क मेम लहानच ठेवावी आणि रिपोर्टच्या लॉगिनला तेवढी वाढवून द्यावी. पूलमध्ये तीनच जागा असतील, तर कमाल किती लागेल याचा हिशेब कागदावर मांडता येतो. दार आणि मेमरी अशी एकमेकांना बांधलेली असतात. दाराची संख्या ठरल्याशिवाय मेमरीचा आकडा ठरवणं म्हणजे अंदाजपंचे.

इथे एक बारीक मेख आहे. लॉगिनला लावून दिलेली वर्क मेम किंवा क्वेरीची कालमर्यादा हा फक्त सुरुवातीचा आकडा असतो. तो वापरकर्ता आपल्या सेशनमध्ये (जोडणी चालू असेपर्यंतच्या वेळेत) एका ओळीच्या कमांडने हा आकडा बदलू शकतो. त्याला कुंपण म्हणता येत नाही. लॉगिनच्या कनेक्शनची संख्या मात्र खरी मर्यादा आहे, आणि तात्पुरत्या फाइलींनी किती डिस्क खावी याची मर्यादाही सामान्य वापरकर्त्याला हलवता येत नाही. शिवाय लॉगिनवर केलेला बदल नव्या कनेक्शनलाच लागू होतो. पूलरने धरून ठेवलेली जुनी कनेक्शन जुन्याच आकड्यांवर चालत राहतात. "सेटिंग बदलली तरी फरक पडत नाही" असं म्हणत दुपार घालवण्याआधी हे तपासा.

डिस्कची वाटणी सगळ्यांत अवघड, कारण पोस्टग्रेसमध्ये एकाने बदललेलं पान (डेटाचा ठरावीक आकाराचा तुकडा) नंतर दुसरीच प्रोसेस डिस्कवर लिहिते, मग ते कोणाच्या खात्यावर टाकायचं? एक चांगली सोय मात्र आतच आहे. सामायिक बफरच्या (सगळ्यांनी मिळून वापरायच्या मेमरीच्या) चौथाईहून मोठं टेबल अथपासून इतिपर्यंत वाचायचं असेल, तर पोस्टग्रेस त्यासाठी मेमरीचा फक्त एक छोटा तुकडा पुन्हापुन्हा वापरतो, म्हणजे काउंटरला रोज लागणारी पानं मेमरीतून हुसकली जात नाहीत.

तयार व्यवस्था कशा असतात

एसक्यूएल सर्व्हरमध्ये 2008 पासून रिसोर्स गव्हर्नर ही अग्रक्रमाची व्यवस्था आहे. लॉगिन होताना एक छोटं फंक्शन चालतं आणि आलेला कोण हे ओळखून त्याला एका गटात टाकतं. गट एका पूलला जोडलेला असतो, पूलला सीपीयू आणि मेमरीचा वाटा. तीन शब्द इथे नेहमी गोंधळात टाकतात. किमान म्हणजे हमी. कमाल ही फक्त गर्दीतली मर्यादा: रिपोर्टच्या पूलला 30 टक्के कमाल दिली आणि सर्व्हर रिकामा असेल, तर तो 90 टक्केही वापरेल, आणि ते योग्यच आहे, कारण रिकामा सीपीयू साठवून ठेवता येत नाही. कडक टोपी हवी असेल तर तिसरी सेटिंग, ती 2012 च्या आवृत्तीत आली. मेमरीच्या बाबतीत एका क्वेरीला पूलच्या 25 टक्क्यांपर्यंत मुभा असते. म्हणजे भरपूर मागणाऱ्या तीन-चार क्वेरी आल्या की पुढची थांबते. ओळखणारं ते फंक्शन हलकं ठेवा, कारण ते रेंगाळलं तर लॉगिनच रेंगाळतात.

ओरॅकलचा रिसोर्स मॅनेजर याहून जुना, 8आय आवृत्तीपासूनचा. त्यात मला सगळ्यांत आवडतं ते सक्रिय सेशनचं गणित: या गटाची एका वेळी इतकीच सेशन काम करतील, बाकीची रांगेत. म्हणजे गिरणीवाल्याचाच नियम. शिवाय ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त सीपीयू खाल्ला तर सेशन खालच्या गटात ढकलता येतं किंवा ती क्वेरीच रद्द करता येते. दिवसाची योजना वेगळी आणि रात्रीची वेगळी ठेवता येते. आणि कुठल्याही योजनेत "बाकी सगळे" असा एक गट लिहावाच लागतो. ही सक्ती शहाणपणाची आहे, कारण यादी करताना एखादं तरी लॉगिन आपण विसरतोच.

मायएसक्यूएल 8.0 मध्येही गट आहेत, पण त्यांचा आवाका कमी: कुठले कोअर वापरायचे आणि थ्रेडचं (सर्व्हरच्या आत चालणाऱ्या एकेका कामाचं) प्राधान्य काय, एवढंच.

हळू करणं फुकट नसतं

आता त्या सोमवारकडे येतो.

एनपीएची प्रक्रिया सगळी कर्जखाती एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे बदल एकदमच पक्के होतील अशा एका गठ्ठ्यात, बदलत होती. ज्या खात्यावर नोंद झाली त्या ओळीला लॉक, आणि तो लॉक ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत सुटत नाही. मी तिला सीपीयू कमी दिला, म्हणजे शेवट लांबवला, म्हणजे हजारो लॉकचं आयुष्य वाढवलं. तिकडे एका शाखेत कोणीतरी कर्जाचा हप्ता भरायला आलं. त्या व्यवहाराने आधी शाखेच्या रोकड शिलकेची ओळ बदलली, मग कर्जखात्याची ओळ मागितली आणि तिथे अडकला. अडकताना रोकडीच्या ओळीचा लॉक त्याच्याच हातात. त्यामुळे त्या शाखेतले पैसे भरणारे-काढणारे सगळे त्याच्या मागे थांबले, ज्यांचा कर्जाशी काही संबंध नव्हता तेसुद्धा. प्रत्येक थांबलेला एक कनेक्शन धरून बसला. पाच मिनिटांत कनेक्शन संपली. सीपीयू मात्र निवांत होता.

याच प्रकारचा घोटाळा मंगळावरही झालाय. 4 जुलै 1997 ला तिथे उतरलेल्या नासाच्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांनी आपोआप पुन्हापुन्हा सुरू होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणारं कमी अग्रक्रमाचं काम एक लॉक धरून होतं, वरच्या अग्रक्रमाच्या कामाला तोच लॉक हवा होता, आणि मधल्या अग्रक्रमाची कामं त्या खालच्याला सीपीयूच मिळू देत नव्हती. म्हणजे मोठा धाकट्यासाठी अडला. वरचं काम वेळेत होत नाही हे पाहून यंत्रणा स्वतःलाच रीस्टार्ट करायची. पृथ्वीवरून एक सेटिंग बदलून दुरुस्ती केली गेली: लॉक धरणाऱ्याला, वाट बघणाऱ्याचा अग्रक्रम तात्पुरता मिळतो. पोस्टग्रेसच्या ओळीवरच्या लॉकला अशी सोय नाही.

म्हणून मी आता वाचणारं काम आणि लिहिणारं काम वेगळं मोजतो. फक्त वाचणाऱ्याला हळू करायला हरकत कमी. लिहिणाऱ्याला कधीच हळू करू नये, त्याचं ट्रान्झॅक्शन छोटं करावं. पाचशे खाती बदला, कमिट करा (बदल पक्के करून लॉक सोडा), क्षणभर थांबा, पुढची पाचशे घ्या. थांबायचं ते कमिट झाल्यावर, हात मोकळे असताना. अर्थात मध्येच प्रक्रिया तुटली तर कुठपर्यंत आलो याची नोंद ठेवावी लागते. ते काम ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याचं आहे आणि टाळता येत नाही.

वाचणाऱ्यालाही "हरकत कमी" म्हटलं, "नाही" म्हटलं नाही. पोस्टग्रेसमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही हे खरं, पण दोन तास चाललेली क्वेरी सुरुवातीच्या क्षणाचं चित्र धरून असते, आणि त्यानंतर जुन्या झालेल्या ओळी व्हॅक्यूमला, म्हणजे पोस्टग्रेसच्या सफाईच्या कामाला, काढता येत नाहीत. टेबल फुगत जातं. रिपोर्ट वेगळ्या स्टँडबाय सर्व्हरवर (मुख्य सर्व्हरची सतत अद्ययावत होणारी प्रत) नेला तरी निवड करावीच लागते: एकतर मुख्य सर्व्हरची सफाई तिथे पोहोचल्यावर रिपोर्ट मध्येच रद्द होतो, नाहीतर स्टँडबाय मुख्य सर्व्हरला सफाई रोखायला सांगतो आणि फुगवटा परत आपल्याच दारी येतो.

लॉकच्या रांगेचा आणखी एक प्रकार नवख्यांना हमखास पकडतो. लांब चाललेला रिपोर्ट टेबल वाचतोय, त्याच वेळी कोणीतरी टेबलात नवा कॉलम घालायची कमांड देतं. तिला पूर्ण टेबल हवं असतं, म्हणून ती रिपोर्टमागे थांबते. आणि तिच्यानंतर आलेली साधी वाचणारी क्वेरीसुद्धा तिच्यामागे थांबते. वास्तविक रिपोर्ट आणि ही क्वेरी एकमेकांच्या आड येत नाहीत, पण रांग ती रांग. अशी कमांड देताना लॉकची कालमर्यादा दोन-तीन सेकंद लावावी. मिळाला लॉक तर ठीक, नाहीतर माघार, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न. तशीच एक मर्यादा ट्रान्झॅक्शन उघडं टाकून जेवायला गेलेल्या सेशनसाठी आहे, आवृत्ती 9.6 पासून. ती मुळात बंद असते. काउंटरच्या लॉगिनला एक मिनिट लावून बघा, ॲप्लिकेशनमधल्या कितीतरी चुका उजेडात येतील.

आकडे ठरवण्याआधी आठवडाभर नुसतं बघावं. कोणती सेशन कशासाठी थांबलीयत हे पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी या व्ह्यूत (डेटाबेसने दाखवलेल्या तयार तक्त्यात) दिसतं: लॉकसाठी, डिस्कसाठी, की थांबलेलीच नाहीत आणि सीपीयूवर आहेत. लॉकसाठी सेकंदाहून जास्त थांबलेल्यांची नोंद लॉगमध्ये घेता येते, तात्पुरत्या फाइलींचीही. माझ्या त्या सोमवारी हा व्ह्यू मी आधी उघडला असता, तर सीपीयूला हात लावला नसता.

त्या बँकेत नंतर एनपीएची प्रक्रिया तुकड्यांत विभागली, रिपोर्टना वेगळं लॉगिन आणि तीन जागांचा पूल दिला. हे करताना मुख्य कार्यालयातल्या ज्या अधिकाऱ्यांनी ती प्रक्रिया लावली होती त्यांना मी विचारलं, हा रिपोर्ट तुम्हाला किती वाजता लागतो? ते म्हणाले, संध्याकाळी पाचला. सकाळीच का लावता? "साहेब, कधी संपेल त्याचा भरवसा नसतो ना, म्हणून आधीच लावून ठेवतो." आम्ही तो दुपारी काउंटर बंद झाल्यावर, साडेतीनला लावायचं ठरवलं.